त्रिकोणी पायाच्या घनाकृतींचे पृष्ठफळ आणि मजुराचे माप

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही वरचे नाव सांगितले. त्यांच्यापैकी एक गृहस्थ क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. कामगार संघटनेचा माणूस संपावर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावर बोलेल; शाळेच्या पुस्तकातले महत्त्वमापनाचे प्रकरण घेऊन तो व्यासपीठावर कशाला चढतो, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे गणित आम्ही शिकलो ते भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तेही गणिताची गोडी होती म्हणून नव्हे, तर हाती पैसे कमी येत होते म्हणून.

ती हकीकत आधी सांगतो. साल १९९२ च्या सुमाराचे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या तीस वर्षांत मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान लहान शेडची एक वेगळीच वस्ती भोसरीत उभी राहिली. अशाच एका शेडमध्ये आम्ही कामाला होतो. नाव सांगत नाही. त्याचा आता उपयोग नाही. तेथे पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून हॉपर, घसरणी, मशीनवरची झाकणे असे सामान होई. रंगकाम ठेकेदाराकडे होते आणि रंगाऱ्यांना मजुरी चौरस फुटावर मिळे. एकदा तीन बाजूंच्या उथळ हॉपरची मोठी ऑर्डर आली. वर त्रिकोणी तोंड, खाली निमुळते होत गेलेले टोक. जमिनीवर पालथा घातला तर त्रिकोणी पायाचा मनोरा दिसावा असा आकार. ठेकेदाराचा माप घेणारा माणूस आला. त्याने तोंडाच्या तिन्ही कडा टेपने मोजल्या, आत ओळंबा सोडून खोली घेतली, वहीत गुणाकार केला आणि आकडा सांगितला.

महिनाअखेर मजुरी कमी आली. एवढ्यावर भागते तर कदाचित कोणी बोललेही नसते. परंतु रेड ऑक्साइडचे डबे मात्र हिशेबापेक्षा जास्त संपले होते. क्षेत्रफळ इतके, रंग इतका. मग उरलेला रंग गेला कुठे? रंगाऱ्यांनी तो बाहेर विकला, असा आळ आला आणि त्यांच्या मजुरीतून रंगाचे पैसे कापले गेले. त्यांच्यातले वयाने मोठे, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, ते दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "अरे, डबा खोटं बोलत नाही. वही तपासा."

वही तपासायची म्हणजे काय करायचे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. येथून आमचे शिक्षण सुरू झाले.

त्रिकोणी पायाच्या घनाकृती मुख्यतः दोन. एक चिती : वर आणि खाली सारखाच त्रिकोण, मध्ये सरळ उभ्या तीन भिंती. दुसरी सूची : खाली त्रिकोण, वर एकच टोक, आणि तीन बाजू त्या टोकाशी भिडलेल्या. पृष्ठफळ म्हणजे त्या वस्तूला बाहेरून जे कातडे आहे त्याचे क्षेत्रफळ. शाळेच्या पुस्तकात असे कातडे उलगडून सपाट केले की त्याला ‘घडण’ म्हणतात. पत्र्याच्या कारागिराच्या तोंडी त्याला ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द आहे. कारागीर आधी घडण काढतो, मग पत्रा कापतो, मग वस्तू होते. शाळेतला मुलगा आधी वस्तूचे चित्र पाहतो आणि मग घडण शोधतो. आमच्या मते कारागिराचा क्रम अधिक चांगला आहे, कारण त्याच्या चुकीची किंमत पत्र्याच्या भावाने मोजावी लागते.

चिती हा शब्द फार जुना आहे. यज्ञवेदी रचण्याचे जे शुल्बसूत्रांचे शास्त्र, त्यातला तो. बौधायनाचे शुल्बसूत्र इसवी सनापूर्वी ८०० ते ५०० या काळातले मानतात. त्यात प्रउगचिती नावाची वेदी आहे. ती समद्विभुज त्रिकोणाच्या पायावर पाच थरांनी उभारायची. तिचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष भरले पाहिजे, असा दंडक. त्यासाठी रीत दिली आहे ती अशी : दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस आखावा, त्याच्या एका बाजूचा मध्य घ्यावा आणि तो समोरच्या दोन कोपऱ्यांशी दोरीने जोडावा. आतला त्रिकोण चौरसाच्या बरोबर निम्मा होतो. प्रत्येक थराला २०० विटा, पाच थरांच्या १०००. कडेला बसवायच्या विटा कर्णावर कापलेल्या असत, म्हणजे त्या स्वतःच त्रिकोणी पायाच्या चिती. तेथे मोजले जाई ते फक्त वरचे तोंड. विटांच्या बाजू एकमेकींना टेकून झाकल्या जात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नसे. आणि पुरुष हे माप कोणाचे? हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाचे. विटा भाजणाराच्या उंचीचा त्यात संबंध नाही. असो.

सूचीकडे वळलो म्हणजे थोरामोठ्यांच्या चुका भेटतात, आणि त्या वाचून आम्हांला फार धीर आला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये त्रिकोणाचे क्षेत्रफळ अचूक सांगितले : पायाच्या अर्ध्याला लंबाने गुणावे. लगेच पुढे त्रिकोणी पायाच्या, सहा कडांच्या घनाकृतीचे घनफळ सांगताना त्याने पायाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग घ्यायला सांगितला. तो घ्यायला पाहिजे तिसरा. सपाट आकृतीत निम्मे, म्हणून घनाकृतीतही निम्मे, अशी ही ओढ दिसते. त्याचा भाष्यकार पहिला भास्कर याने इ. स. ६२९ मध्ये या आकृतीला शृंगाटक, म्हणजे शिंगाडा म्हटले. नाव किती नेमके! बाजारातला शिंगाडा हातात घेऊन पाहावा. बारा मापाच्या कडांचा शिंगाडा घेऊन भास्कराने गुरूच्याच रीतीने उत्तर काढले, ते सुमारे ३०५ येते. खरे उत्तर सुमारे २०४. तिकडे भिल्लमालात ब्रह्मगुप्ताने मात्र एक वर्ष आधीच, इ. स. ६२८ मध्ये, तिसरा भाग हा बरोबर नियम लिहून ठेवला होता. ग्रीसमध्ये युक्लिडने त्याच्याही नऊशे वर्षे पूर्वी त्रिकोणी चितीचे तीन सारख्या घनफळाच्या सूचींत तुकडे पाडता येतात हे सिद्ध केले होते. दुधी भोपळ्याचा एक तीनधारी तुकडा घेऊन घरी सुरीने हे करून पाहता येते. दोन-तीन तुकडे वाया जातात, पण भाजीला चालतात.

पृष्ठफळाचे तसे नाही. आर्यभटाच्या गणितपादात सूचीच्या पृष्ठफळाचा वेगळा श्लोक नाही, आणि त्याची गरजही नव्हती. चार त्रिकोण आहेत. एकेकाचे क्षेत्रफळ काढा आणि बेरीज करा. इतके सोपे आहे. मग चूक होते कुठे?

ती होते उंचीत. सूचीला दोन उंच्या असतात. एक उभी : टोकापासून पायावर ओळंबा सोडला तर जी येते ती. दुसरी तिरपी : टोकापासून पायाच्या कडेपर्यंत पत्र्याच्या अंगावरून टेप धरली तर जी येते ती. घनफळाला उभी लागते, पृष्ठफळाला तिरपी. कारण रंग लावणाऱ्याचा हात पोकळीतून खाली जात नाही; तो पत्र्यावरून जातो.

आकडे घेऊन पाहू. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक त्रिकोण आहे : पाया १४, बाजू १३ आणि १५. त्याचा लंब १२, क्षेत्रफळ ८४. गणित शिकवणाऱ्याला यासारखा गुणी त्रिकोण नाही, सगळे पूर्णांकांत येते. याच्यावर आपण २० लांबीची चिती उभारली, तर तिच्या तीन भिंती म्हणजे परिमिती ४२ गुणिले २०, अर्थात ८४०, दोन्ही तोंडे मिळून १६८, एकूण १००८. तोंडे उघडी असतील तर ८४०, एक बंद असेल तर ९२४. येथे गुणाकारापेक्षा ‘किती तोंडे बंद?’ हा प्रश्न मोठा.

आता तोच त्रिकोण हॉपरचे तोंड समजा. या त्रिकोणात एक बिंदू असा आहे की जेथून तिन्ही कडा सारख्याच, ४ अंतरावर आहेत. कारण ४२ चे निम्मे २१ आणि २१ चोक ८४. त्या बिंदूच्या बरोबर खाली ३ मापे खोलीवर हॉपरचे टोक आहे असे धरू. मग आडवे ४, उभे ३, म्हणून तिरपे ५. तिन्ही बाजूंचा पत्रा : २१ गुणिले ५, म्हणजे १०५. ओळंब्याच्या खोलीने गुणले तर २१ गुणिले ३, म्हणजे ६३. शंभराला चाळीस या हिशेबाने मजुरी गेली! आतून-बाहेरून रंग असेल तर २१० च्या जागी १२६. प्रत्यक्षातल्या हॉपरची मापे इतकी गुणी नव्हती, टोकही मधोमध नव्हते, म्हणून तीन बाजूंच्या तिरप्या उंच्या तीन निघाल्या. परंतु चुकीची जात हीच.

आणि एक गंमत पाहा. याच तोंडाचा हॉपर ४० खोल असता, तर तिरपी उंची ४०.२ भरते. फरक शेकड्याला अर्धासुद्धा नाही. त्या माणसाने आयुष्यभर उंच, निमुळते हॉपर मोजले असतील तर त्याची चूक कोणाला दिसलीच नसेल, त्यालाही नाही. तो लबाड होता असे आम्हांला तेव्हा वाटले होते. आज वाटत नाही. उथळ हॉपर आला आणि चूक उघडी पडली, एवढेच.

मामांनी वही तपासा म्हटल्यावर आम्ही काय केले? रद्दीतली वर्तमानपत्रे आणली. हॉपरच्या एकेका बाजूवर कागद दाबून कडेने नख फिरवले, कात्रीने कापले आणि तीन कागदी त्रिकोण जमिनीवर मांडले. गुण्या लावून प्रत्येकाचा लंब घेतला. बेरीज वहीतल्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त भरली. माप घेणारा म्हणाला, "माझं सूत्र पुस्तकातलं आहे." ते खरेच पुस्तकातले होते, त्यात ‘उंची’ या शब्दाआधीचा ‘तिरपी’ हा शब्द तेवढा त्याच्या ध्यानातून निसटला होता. कागद पाहूनही त्याला पटेना. शेवटी आमच्यातल्या एका वेल्डरने विचारले, "साहेब, हॉपरची खोली शून्य केली, म्हणजे नुसता सपाट पत्रा ठेवला, तर तुमच्या हिशेबाने रंग किती लागेल?" उत्तर शून्य येत होते आणि पत्रा तर समोर पडलेला. तिरप्या उंचीने हिशेब केला तर मात्र सपाट पत्र्याचे क्षेत्रफळ बरोबर मिळते. आपल्या उदाहरणात २१ चोक ८४.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्ही ग्रंथालयात बसून भास्कराचार्य वाचू लागलो तेव्हा या वेल्डरचा भाऊ आम्हांला बाराव्या शतकात भेटला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या लल्लाने गोलाचे पृष्ठफळ म्हणजे मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परिघ असे सांगितले होते. लल्ल मोठा ज्योतिषी, त्याला चूक म्हणायचे म्हणजे पुरावा हवा. भास्कराचार्यांनी कापड घेतले. गोलाच्या अर्ध्या परिघाइतका ज्याचा व्यास आहे असे वाटोळे कापड कापा, ते अर्ध्या गोलावर घाला. अर्धा गोल झाकून काही कापड उरतेच. या कापडाचे क्षेत्रफळ मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीचपट. तेव्हा सबंध गोलाचे पृष्ठफळ त्या वर्तुळाच्या पाचपटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. नेमके उत्तर चौपट, आणि तेही ते चेंडूवर विणलेल्या जाळीची उपमा देऊन सांगतात. पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने धरून त्यांनी तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ चौरस योजने काढले. लल्लाच्या रीतीने ते शेकडो कोटींत जाते. आमच्या विषयाशी याचे नाते असे की गोलाचे घनफळ काढताना ते गोल असंख्य बारीक सूचींचा बनलेला मानतात. प्रत्येकीचे तोंड पृष्ठावर, टोक गोलाच्या मध्यात. सूची ज्याला कळली त्याला चेंडूही कळला. परंतु आमचे मन त्या कापडावर अधिक जडले. सूत्र कोणाचे का असेना, कापड घालून पाहावे, ही रीत आमच्या शेडमधली होती.

लीलावतीत आणखी एक प्रकरण आहे, ज्याकडे पंडितांचे लक्ष कमी जाते : क्रकचव्यवहार, म्हणजे करवतकामाचा हिशेब. लाकूड चिरणाऱ्याची मजुरी लाकडाच्या वजनावर नव्हे, आकारमानावर नव्हे, तर चिरलेल्या पृष्ठावर धरायची. उदाहरण दिले आहे : बुंध्याशी २० अंगुळे, शेंड्याशी १६ अंगुळे जाड, १०० अंगुळे लांब ओंडका, चार वाटांनी चिरला. सरासरी जाडी १८. तिला १०० ने गुणून १८००. चार वेळा ७२००. एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे, म्हणून भागाकार साडेबारा हात. इथवर गणित. पुढे आचार्य म्हणतात ते कामगारांनी कान देऊन ऐकावे असे आहे. विटांची रास, दगडांची रास, खणकाम आणि करवतकाम, यांचे मोल काम करणाऱ्या लोकांच्या संमतीने आणि माल मऊ की कठीण हे पाहून ठरवावे. माप गणिताने, दर संमतीने! आमच्या कायद्यात उक्त्या कामालाही किमान दर ठरवण्याची तरतूद झाली ती १९४८ च्या किमान वेतन कायद्यात. भास्कराचार्यांना संघटनेचा पुढारी ठरवण्याचा आमचा विचार नाही, तसे केले तर विद्वान रागावतील. त्यांनी बहुधा बाजारात चालत होते तेच लिहिले. पण त्यांनी ते गाळले नाही.

चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, ग्राहकाकडून अमुक द्यावे, असा तपशील त्यात येतो. आणि मग एक वाक्य असे की गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, मापणावळीचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला. आम्ही तो मजकूर पहिल्यांदा छापील पुस्तकात वाचला तेव्हा बराच वेळ पान उलटले नाही. गणिताची शाळा आणि गावाचे माप एका छपराखाली! घेणाऱ्याचे माप नाही, विकणाऱ्याचे नाही. ज्यांना मोजणे शिकवायचे होते त्यांच्याकडे ते ठेवलेले. मठाला त्यातून पैसा मिळावा हाच दान देणाराचा हेतू असेल. तरी आमच्या शेडमध्ये माप ठेकेदाराच्या खिशात होते, हे आम्हांला त्या क्षणी आठवले.

भोसरीच्या त्या प्रकरणाचा निकाल असा झाला की पुढच्या महिन्यापासून उतार पत्र्याच्या अंगावरून मोजू लागले. मापाच्या वेळी रंगाऱ्यांपैकी एकाने हजर राहावे, असेही ठरले. चोरीचा आळ कोणी मागे घेतला नाही. तो फक्त बोलला जाईनासा झाला. कापलेले पैसे परत आले नाहीत. मामा त्यानंतर वर्षभर राहिले आणि गावी गेले.

आज चाकण, महाळुंगे, तळवडे या पट्ट्यात कामाचा थाट वेगळा आहे. पावडर कोटिंगच्या ओळीवर हुकाला टांगलेला भाग पुढे सरकतो, विजेच्या भाराने पावडर त्याला चिकटते आणि भट्टीतून तो पक्का होऊन निघतो. भागाचे पृष्ठफळ संगणकावरच्या नकाशातून एका कळीसरशी निघते, आणि ओळंबा व तिरपी उंची यांची गफलत यंत्र करत नाही. म्हणून आमचा वर्ग बंद करावा, असे काही तरुण सांगतात. रविवारी सकाळी पंधरा-वीस पोरे जमतात. त्यांना आम्ही जुने खोके कापून सूची आणि चिती करायला लावतो, मग उलगडून मोजायला. मोबाइलवर उत्तर आधी काढले तरी चालेल, पण कागद कापल्याशिवाय चहा नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका मुलाने त्रिकोणी चितीसारखा एक आधाराचा भाग कागदात बनवला, उलगडला आणि विचारले, "नकाशातला आकडा बाहेरच्या बाजूंचा आहे का आतल्या-बाहेरच्या दोन्हींचा?" एका टोकाला भाग उघडा होता, पावडर आतही जात होती आणि आतली बाजू हाताने पुसून साफ करण्याचे काम याच मुलांकडे होते. कामाचे कागद मागवून पाहिले तेव्हा फक्त बाहेरचे पृष्ठफळ धरलेले निघाले. यंत्राला बाहेरचे विचारले होते, त्याने बाहेरचे सांगितले. आतल्या बाजूचा तो मुद्दा सध्याच्या मागणीपत्रात आठव्या क्रमांकावर आहे. सोबत त्या मुलाने कापलेली घडण टाचणीने जोडली आहे.